मोडलेलं बोडण

“अजून मध,” इरा म्हणाली.

वाढायला उभ्या असलेल्या शेजारच्या काकूंनी परातीत मधाची धार सोडली. आम्ही चार सवाष्णी आणि ही एक कुमारिका, अशा परातीभोवती मांड्या घालून बसलो होतो. पाचही जणींचे उजवे हात दूध, दही, तूप, साखर, पुरण अशा सगळ्या काल्यात मनगटापर्यंत बुडालेले. ज्यांच्या घरी बोडण भरत नाही त्यांच्यासाठी सांगते. घरात लग्न झालं की देवीपुढे हा काला पाच जणींनी मिळून कालवायचा आणि कुमारिका जे जे मागेल ते तिचं मन भरेपर्यंत परातीत घालत राहायचं. ती ‘पुरे’ म्हणाली की बोडण झालं. तोवर कुणी हात काढायचा नाही, उठायचं नाही. पुरुषांनी तर त्या खोलीत पाऊलही टाकायचं नाही.

इरा माझ्या नवऱ्याच्या चुलतभावाची मुलगी, दुसरीतली. एरवी तिला कुणी ‘वेणी घालायची का’ एवढंसुद्धा विचारत नसेल. आज चार मोठ्या बायका तिच्या तोंडाकडे बघत बसल्या होत्या. ती कशाला पुरे म्हणतेय!

आणि माझी डावी पोटरी नुसती ठणकत होती.

मला मुळात एका जागी बसवत नाही. शाळेत बाई म्हणायच्या, हिच्या बाकाला खिळे आहेत की काय. पुढे मी बॅडमिंटन शिकवायला लागले ते याच गुणावर. दिवसभर कोर्टावर पळायचं, ओरडायचं, घाम गाळायचा. त्यामुळे पोटरीत कळ आली तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं. स्नायू धरला असेल म्हटलं. बर्फ लावला, पट्टी बांधली. पण पुण्याहून सांगलीला सासरी येईपर्यंत गाडीतच तो पाय जड झाला, आणि आज सकाळी नऊवारी नेसायला घेताना पाहिलं तर डावी पोटरी उजवीपेक्षा चांगली दीडपट दिसत होती. कातडी ताणलेली आणि गरम.

“काही नाही गं, उभं राहून राहून झालंय,” माझ्या मावससासूबाई, कुंदामावशी, म्हणाल्या होत्या. त्या फार मायाळू. सोवळं नेसायच्या आधी त्यांनी मला पलंगावर बसवलं, तीळतेल कोमट केलं आणि पाय चांगला खालून वर रगडून काढला. मी कळवळले तर म्हणाल्या, “सोस जरा. गाठ मोकळी होतेय.”

ती गाठ मोकळी होणं म्हणजे काय, हे त्यांना माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं.

“इरा, आता काय हवं बाळ?” सासूबाईंनी विचारलं.

“दूध.”

दूध आलं. मी मांडी बदलायला गेले तशी सासूबाईंनी नजरेनेच दटावलं. सासूबाई वाईट नव्हत्या, पण कडक होत्या. हायस्कूलच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, आणि घरीही घंटा त्याच वाजवायच्या. या बोडणाचा त्यांनी अगदी ध्यास घेतला होता, त्याला कारणही होतं. पहिल्यांदा ठरलं तेव्हा सुतक आलं. दुसऱ्यांदा ठरलं तेव्हा ऐन सकाळी माझी पाळी आली आणि शिजवलेलं पुरण तसंच राहिलं. त्या मला काही बोलल्या नाहीत. फक्त तिसरी तारीख ठरवताना फोनवर हळूच म्हणाल्या, “ऋजुता, तू त्या गोळ्या घेतेसच ना? मग मधे खंड नको पाडू. पाकीट संपलं की दुसरं लगेच सुरू कर. माझ्या भाचीने असंच केलं होतं.”

गोळ्या मी लग्नापासून घेत होते. इतक्यात मूल नको, असं माझं आणि निषादचं ठरलं होतं. माझ्या मैत्रिणीही घेत, त्यात विशेष ते काय. मी सासूबाईंचं ऐकलं. पाकीट संपलं, दुसरं फोडलं, आणि पाळी न येता बोडणाचा शुक्रवार उगवला.

परातीत माझ्या शेजारी माझ्या आईचा हात होता. माहेरची सवाष्ण म्हणून तिला बोलावलं होतं. तिने काल्याखालून माझी बोटं दाबली. “बरं वाटत नाहीये का?” तिने ओठ न हलवता विचारलं.

“पाय,” मी म्हटलं.

“झालंच आता.”

आई असं म्हणाली, पण तिचं लक्ष दाराकडे होतं. दाराबाहेर माझे बाबा होते.

बाबा सकाळी आईला घेऊन आले तेव्हाच जरा घोटाळा झाला होता. मी पडवीतून देवघराकडे निघाले होते. ते चपला काढत होते. त्यांनी मान वर केली आणि मला चालताना पाहिलं. माझे बाबा, मनोहर साठ्ये, वीज मंडळातून निवृत्त झालेले. बोलणं मोजकं, हसणं त्याहून मोजकं. मला वाटलं होतं, नऊवारीतल्या लेकीला बघून काहीतरी गोड बोलतील.

“पाय का ओढतेस?” ते म्हणाले.

“पोटरी धरलीय.”

“कधीपासून?”

“झाले दोन-चार दिवस. बाबा, मला सोवळ्यात शिवू नका हं.”

ते वाकलेच होते. तसेच थांबले. “सूज आहे?”

“थोडी.”

“एकाच पायाला?”

मला हसू आलं. “तुमच्यासारखीच वाटतं. तुमचाही एकच पाय सुजतो ना? काय ते, व्हेरिकोज.”

बाबा हसले नाहीत. गेली काही वर्षं ते पँटच्या आत डाव्या पायात एक घट्ट लांब मोजा घालत, रोज संध्याकाळी एक गोळी घेत आणि पालक, मेथी बेताने खात. मी त्यांना चिडवायचे, ‘बाबांनी गोष्टीतल्या राजकन्येसारखी पथ्यं धरली आहेत.’ मी वसतिगृहात असताना त्यांना इस्पितळात ठेवलं होतं, पण मला घरी आल्यावर कळलं. ‘शिरांचा त्रास’ एवढंच आईने सांगितलं होतं.

“ऋजू,” ते म्हणाले, “तू कसल्या गोळ्याबिळ्या—” आणि तेवढ्यात आतून सासूबाईंची हाक आली. मी पळाले. म्हणजे लंगडत पळाले. बापाशी त्या विषयावर कोण बोलणार!

“अजून साखर,” इरा म्हणाली.

“इरे, पुरे की आता गं!” कुंदामावशींना राहवलं नाही.

“कुंदा, कुमारिकेला घाई करायची नाही,” सासूबाई म्हणाल्या.

मला कधी एकदा उठते असं झालं होतं. खोलीत पाच समया, उदबत्त्या, तुपाचा वास. खिडक्या बंद. पोटरीत कुणीतरी आतून पीळ घालत होतं आणि तो पीळ आता मांडीपर्यंत आला होता. मी काला जोरजोरात ढवळायला लागले, जणू माझ्याच हाताच्या वेगाने ते लवकर संपेल. दही उडालं ते देवीच्या मुखवट्यावर.

“हळू,” सासूबाई म्हणाल्या.

मी हळू केलं. श्वास आत घेतला आणि उजव्या बरगडीखाली टाचणी टोचल्यासारखं झालं. पुन्हा घेतला, पुन्हा टोचलं. म्हणून मी अर्धाच श्वास घ्यायला लागले.

तेवढ्यात बाहेरून आवाज यायला लागले. देवघराच्या दाराला लागून बाहेरची खोली होती. तिथे बाबा, सासरे आणि निषाद बसले होते. आधी नुसतं पुटपुटणं ऐकू आलं. मग बाबांचा आवाज चढला.

“मी तुम्हाला सरळ विचारतोय, निषाद. ती गोळ्या घेते का?”

“बाबा, म्हणजे... तुम्ही...” निषाद चाचरत होता. निषाद माझा नवरा. हिशेबतपासनीस, आणि लाजाळूही तितकाच.

“मूल न होण्याच्या गोळ्या. घेते का?”

देवघरातल्या पाचही हातांचं ढवळणं थांबलं. इराने कान टवकारले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझा सख्खा बाप माझ्या सासऱ्यांसमोर हे विचारत होता.

“हो,” निषाद म्हणाला.

“कधीपासून?”

“लग्नापासून. आणि आत्ता हे बोडण होतं म्हणून सलग—”

त्याचं वाक्य पुरं झालं नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. माझ्या आईचा हात परातीत माझ्या हातावर घट्ट आवळला गेला. मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, भीती होती. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हिला काहीतरी माहीत आहे.

“अहो साठ्ये, तिकडे नको, आत बोडण—” सासऱ्यांचा आवाज आला आणि दार उघडलं.

कुंदामावशी किंचाळल्याच. शेजारच्या काकूंनी हातातलं फडकं परातीवर टाकलं. बाबा उंबऱ्याच्या आत उभे होते. त्यांनी परातीकडे पाहिलं नाही, देवीकडे पाहिलं नाही.

“ऋजू, ऊठ.”

“बाबा, काय चाललंय हे!”

“ऊठ म्हणतो ना. नाही, थांब. उठू नकोस. चालू नकोस. निषाद, गाडी काढा.”

“साठ्ये!” सासूबाईंचा तो शाळेतला आवाज होता. “बाहेर व्हा आधी. काय समजता तुम्ही? तिसऱ्यांदा भरतेय हे बोडण. कुमारिकेचं पुरे व्हायच्या आत हात काढला तर काय होतं, ठाऊक आहे?”

“विहीणबाई, नाही काढला तर काय होतं ते मला ठाऊक आहे.”

“म्हणजे?”

बाबा बोलेनात.  मला ते असे कधी दिसले नव्हते. राग माहीत होता मला त्यांचा. हा राग नव्हता.

“सांगा की,” माझी आई एकदम म्हणाली. परातीतून हात न काढता, मान खाली घालून. “आता तरी सांगा.”

“माझी बहीण अशीच गेली,” बाबा म्हणाले. “विद्या. याच गोळ्या चालू होत्या. असाच एक पाय सुजला होता. तिला सांगितलं, दमलीस, पाय चोळून घे. चौथ्या दिवशी न्हाणीघरातून बाहेर आली आणि दारात पडली. ती उठलीच नाही.”

“विद्याआत्या हृदयविकाराने गेली ना?” मी म्हटलं. आम्हाला तेच सांगितलं होतं. त्याहून जास्त त्या आत्याबद्दल घरात बोलायचंच नाही असा दंडक होता.

“पायात गुठळी झाली होती. ती सुटली, वर गेली. आमच्या रक्तातच ते आहे. मला आहे. तपासून झालंय. तुझ्यातही असायची अर्धी शक्यता आहे. ऋजू, श्वास घेताना दुखतंय का?”

मी मान हलवली. त्या क्षणी मी एवढी भ्याले की मला माझाच अर्धा श्वासही घेता येईना.

मला वाटलं होतं, सासूबाई आता आकांत करतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या ओठांकडे पाहिलं. मग पहिल्यांदा त्यांनीच स्वतःचा हात परातीतून काढला, माझं मनगट धरून माझा हात बाहेर ओढला आणि स्वतःच्या रेशमी सोवळ्याच्या पदराने तो खसाखसा पुसला.

“निषाद!” त्या ओरडल्या. “काय पुतळ्यासारखा उभा आहेस? उचल तिला!”

मला उचलून बाहेर नेताना मागून इराचा रडवेला आवाज ऐकू आला, “पण मी पुरे नाही म्हटलं!”

आम्ही मिरजेच्या इस्पितळाकडे निघालो. निषाद गाडी हाकत होता आणि प्रत्येक खड्ड्याला ‘सॉरी’ म्हणत होता. मी मागच्या सीटवर आडवी, डोकं आईच्या मांडीवर. हाताला मधाचा चिकटपणा तसाच होता. मला उठून बसायचं होतं, खिडकी उघडायची होती, पाय झाडायचा होता. प्रत्येक वेळी बाबा पुढच्या सीटवरून मागे वळून म्हणत, “हलू नकोस.” शेवटी मी म्हटलं, “आणखी एकदा हलू नको म्हणालात तर मी गाडीतून उडी मारीन.” ते पुढे बघत बसले. 

डॉक्टर मगदूम बाई माझ्याच वयाच्या वाटत होत्या. त्यांनी पायाची सोनोग्राफी केली आणि एक क्षण पडद्याकडे बघून नर्सला इंजेक्शन सांगितलं, मग आम्हाला. मांडीच्या शिरेपर्यंत गुठळी होती. पुढे छातीचा स्कॅन झाला, त्यात कळलं की तिचा एक लहान तुकडा आधीच फुप्फुसात जाऊन बसला होता.

“पाय कुणी चोळला का?” त्यांनी विचारलं.

“सकाळी. तेल लावून,” मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटून घेतले आणि उघडले. “पुन्हा कुणाला चोळू देऊ नका.”

मागाहून दुसऱ्या गाडीने सासूबाई आल्या, त्याच सोवळ्याने. पदरावर दह्याचे, मधाचे डाग. इस्पितळातली माणसं वळून वळून बघत होती. त्यांना त्याचं काही नव्हतं.

“डॉक्टर, या गोळ्यांनीच झालं का?” त्यांनी विचारलं. “मीच हिला सलग घ्यायला सांगितल्या.”

“नुसत्या गोळ्यांनी नाही,” डॉक्टर मगदूम म्हणाल्या. “लाखो बायका या गोळ्या घेतात, त्यांना काही होत नाही. आणि नुसत्या रक्तातल्या दोषानेही बहुतेकांना काही होत नाही. आपल्या शरीरात रक्त गोठलं की ते गोठणं आवरणारी एक यंत्रणा असते. काही घराण्यांत एका जनुकात फरक असतो, त्यांचं रक्त त्या यंत्रणेला जुमानत नाही. तसं माणूस आयुष्यभर सुखात राहू शकतो. पण त्यावर या गोळ्या आल्या की धोका कित्येक पटींनी वाढतो, आणि तोही सुरुवातीच्या महिन्यांत सगळ्यात जास्त. हिची तपासणी पाठवते. पण वडिलांना आहे म्हटल्यावर...” त्या बाबांकडे वळल्या. “तुम्हाला कधी कळलं?”

“सहा वर्षं झाली.”

“तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी मुलीला सांगायला सांगितलं नव्हतं?”

“सांगितलं होतं.”

 डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेल्या. आता बाबांना आमच्याकडे बघणं भाग होतं.

“पत्रिका पाहिली,” सासूबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागत होता. “नाडी पाहिली, गोत्र पाहिलं, रक्तगटसुद्धा विचारला आम्ही. तुम्ही लिहून दिलात. आणि हे तेवढं नाही सांगितलंत. का? आम्ही मुलगी नाकारू म्हणून?”

“तुम्ही नाकारली असती का?”

सासूबाई थांबल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. “माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “पण गोळी तरी घेऊ दिली नसती.”

“बाबा, मला का नाही सांगितलंत?” मी म्हटलं. मला हाताला सलाईन लावून निजवलं होतं आणि उठायची बंदी होती, नाहीतर मी त्यांना गदागदा हलवलं असतं. इतका राग मला माझ्या आयुष्यात कुणाचा आला नव्हता. “सासरचं सोडा. माझा जीव आहे हा. मला का नाही?”

“तुझं लग्न—”

“लग्न दोन महिन्यांपूर्वी झालं! त्याआधी जवळजवळ सहा वर्षं होती, त्यानंतर दोन महिने होते!”

“ते खरं कारण नाहीच,” आई म्हणाली.

ती खाटेच्या पायथ्याशी उभी होती. माझी आई वाद घालणाऱ्यांतली नव्हे. बाबा म्हणतील ते, अशी तिची उभी हयात गेली.

“सुनीता,” बाबा म्हणाले.

“नाही. विद्यावन्सं गेल्या तेव्हा तुम्ही इंदूरला जाऊन काय केलंत ते मुलीला कळू दे. स्मशानात, सगळ्यांसमोर, तुम्ही विद्यावन्संच्या यजमानांची, शशिकांतरावांची, गचांडी धरलीत. ‘माझ्या बहिणीला तुम्ही मारलंत’ म्हणालात. पोलिसांत गेलात. त्या माणसाची नोकरीत बदनामी झाली. त्यांच्या आईने अंथरूण धरलं. आणि विद्यावन्संची दीड वर्षाची पोर तिकडे राहिली, तिचं तोंड बघायचं नाही म्हणून तुम्ही शपथ घातलीत आम्हाला. पंचवीस वर्षं झाली त्याला. मधे, सहा वर्षांपूर्वी, तुमचा स्वतःचा पाय सुजला, डॉक्टर म्हणाले, घरात असं आधी कुणाला झालंय का? तेव्हा तुम्हाला कळलं, की शशिकांतरावांनी काही केलं नव्हतं.” तिने डोळे पुसले. “मुलीला सांगायचं म्हणजे विद्यावन्संचं सांगावं लागलं असतं. विद्यावन्संचं सांगायचं म्हणजे इंदूरला माफी मागावी लागली असती. हे आहे कारण.”

बाबा नाही म्हणाले नाहीत. भिंतीला टेकलेल्या बाकावर बसले. सासूबाई दुसरीकडे बघायला लागल्या. दुसऱ्याच्या घरातलं इतकं आतलं ऐकणं त्यांनाही जड गेलं असावं.

माझ्या डोक्यात मात्र वेगळंच चक्र सुरू झालं होतं.

“तिला मुलगी आहे?” मी म्हटलं. “विद्याआत्याला?”

“पल्लवी,” आई म्हणाली.

“म्हणजे आत्ता सव्वीस-सत्तावीसची. तिच्यातही अर्धी शक्यता. तिला कुणी सांगितलंय का?”

आईने बाबांकडे पाहिलं.

“बाबा! तिला कुणी सांगितलंय का?”

“नंबर नाही माझ्याकडे,” बाबा म्हणाले.

“माझ्याकडे आहे,” आई म्हणाली.

बाबांनी मान वर केली.

“दर दिवाळीला मी करते फोन. शशिकांतरावांना. पोरीबद्दल विचारते आणि ठेवून देते. घातलीत शपथ तर घातलीत.” तिने पिशवीतून फोन काढला, नंबर लावला आणि बाबांच्या हातात दिला. “बोला. आत्ता. माझ्यासमोर.”

फोनची घंटी वाजत होती. बाबांनी फोन कानाला लावला नाही. समोर धरला, निखारा धरावा तसा. आईने स्पीकर लावला. “हॅलो, हां वहिनी?” पलीकडून एक थकलेला, सौम्य आवाज आला. “आज कसा काय फोन? सगळं ठीक?”

“मी मनोहर,” बाबा म्हणाले.

त्यांनी फोन जवळ घेतला.

“शशिकांतराव, फोन ठेवू नका. मी... विद्याला तुम्ही मारलं नव्हतंत.” ते ढसढसा रडायला लागले. मी बाबांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. “तुम्ही काही केलं नव्हतंत हो. आमच्याच रक्तात होतं ते. मला सहा वर्षांपासून ठाऊक होतं.”

“सहा वर्षांपासून,” तो आवाज म्हणाला. एवढंच.  फक्त मागे कुठेतरी बायकांचे हसण्याचे आवाज, भांडी, कुणीतरी ‘हळद कुठे ठेवली’ विचारत होतं.

माझ्याने राहवलं नाही. इकडे रडारड चालू द्यायला मला वेळ नव्हता. सलाईनचा हात तसाच ताणून मी बाबांच्या हातातून फोन ओढला.

“काका, मी ऋजुता. मनोहर साठ्यांची मुलगी. तुम्ही बाबांना काय बोलायचं ते नंतर बोला, पोटभर बोला. आधी पल्लवीला फोन द्या.”

“पल्लवी कामात आहे जरा. परवा लग्न आहे तिचं. घरात पाहुणे...”

परवा लग्न. 

“द्या तिला फोन. लगेच द्या.”

पावलांचा आवाज, दार, पुन्हा हसण्याचे आवाज, मग शशिकांतरावांचं काहीतरी पुटपुटणं. आणि एक तरुण, भरभर बोलणारा आवाज, अगदी माझ्यासारखा घाईतला. “हॅलो? बाबा म्हणताहेत माझ्या मामाकडून फोन आहे. पण मला मामा नाहीये. कोण बोलतंय?”

“मी तुझी मामेबहीण. ते सगळं नंतर. पल्लवी, तू पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेते आहेस का?”

पलीकडचं हसणं एकदम विझलं. “हो. लग्नाच्या तारखेसाठी. मागच्या आठवड्यापासून.” मग आवाज खाली आला. “पण हे तर मी कुणालाच सांगितलं नाहीये. तुम्हाला कसं कळलं?”

“आधी ते पाकीट फेकून दे आणि तुझ्या बाबांना घेऊन डॉक्टरांकडे जा,” मी म्हटलं. “वाटेत सांगते. फोन चालू ठेव.”